सनीव्हेलहून सप्रेम

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला स्थायिक झालेल्या आमच्या मेहुण्यांना भारताची फार काळजी. विशेषतः रविवारी, लॉनवरचं गवत कापून झालं की. २०२३च्या ऑगस्टात चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा ‘आपण’ उतरलो होतो. पुण्यातले खड्डे मात्र ‘तुमचे’. ओसीआय कार्डावर भारतात मतदान करता येत नाही. मतं मांडायला बंदी नाही, आणि मेहुणे ती भरपाई व्याजासकट करतात.

यूपीआयचं त्यांना कौतुक आहे, पण धाकधूकही. “भाजीवालीचा क्यूआर कोड ठीक आहे हो, पण तुमचा डेटा कुठे जातो, विचारलंत कधी?” लोक काय बघतात, काय घेतात याचा माग काढून जाहिराती विकणं हाच त्यांच्या कंपनीचा धंदा, पण ते ऑफिसचं झालं.

आपली बुलेट ट्रेन रखडली यावर तर ते अर्धा तास बोलले. कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी वेगवान रेल्वेसाठी कर्जरोखे मंजूर केले २००८ साली, आणि तीत अजून एकही प्रवासी बसलेला नाही, एवढं मी हळूच म्हटलं. “इकडे पर्यावरणाचे नियम असतात,” म्हणाले.

सप्टेंबर २०२५मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं. मेहुणे केव्हाच नागरिक झालेले. “बरंच झालं, कुणीही उठून येत होतं,” ते म्हणाले. मग आवाज उतरवून, “आमच्या पुतण्याचं काही होईल का हो? तो खरंच हुशार आहे.”