एकट्याने माथा गाठणाऱ्या महोदयांस खुले पत्र

दिवसभराची एकल डोंगरयात्रा म्हणजे पहाटे निघणे, सोबत कोणालाही न घेता माथा गाठणे, चहूकडचा मुलूख डोळे भरून पाहणे आणि अंधार पडायच्या आत खाली येणे. कळसूबाईसारखे १६४६ मीटरचे शिखर असलेल्या सह्याद्रीत हा छंद रुजला, यात नवल नाही. भंडारा जिल्ह्याने मात्र या छंदाशी फारसे सहकार्य केलेले नाही. जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात पसरलेला आहे. धानाच्या बांध्या, बोड्या म्हणजे लहान तळी, मामा तलाव आणि मधूनमधून टेकड्यांच्या रांगा, असे त्याचे रूप. गायखुरीच्या टेकड्या, कोक्याचे जंगल आणि उत्तरेला तुमसर तालुक्यात आंबागडची रांग, एवढ्यावर गिरिप्रेमींनी समाधान मानायचे असते.

सदर महोदयांनी नुकताच आंबागड ‘सर’ केला. शब्द त्यांचाच आहे. पायथ्यापासून माथ्यावर जायला तास पुरतो, त्यामुळे उरलेला दिवस छायाचित्रांत गेला असावा. वेफर्सची पाकिटे वरच राहिली, त्याबद्दल येथे काही म्हणायचे नाही. तटावर कोळशाने लिहिलेले नाव त्यांचे नसेलही. तक्रार आहे ती छायाचित्राखालच्या ओळींची: दिवसभर एकही माणूस नाही, फक्त मी आणि डोंगर.

आंबागड १७०० च्या सुमारास बांधला गेला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या पदरी असलेल्या राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला आणि तेथे कैदखाना झाला. गडावरच्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी पाजून कैद्यांना मारत असत, असे सांगितले जाते. या माथ्यावर खरोखर एकटी पडलेली माणसे ती. त्यांपैकी कोणी दृश्याबद्दल काही लिहून ठेवल्याचे ऐकिवात नाही.

महोदयांच्या छायाचित्रात डाव्या कोपऱ्यात, झुडपांच्या आड, दोन गाई चरताना दिसतात. गाई आपल्या आपण गडावर सहलीला जात नाहीत. त्यांच्या मागे गुराखी असतो आणि तो रोज असतो. ज्या मळलेल्या वाटेने महोदय चढले, ती त्याच्या आणि त्याच्या बापजाद्यांच्या पायांनी मळलेली आहे. त्याच रांगेत गायमुखला महाशिवरात्रीची यात्रा भरते. पोहे, म्हणजे भक्तांचे जथे, घेऊन, महादेवाच्या नावाचा गजर करत, गावेच्या गावे डोंगराकडे निघतात. या मुलखात डोंगर ही एकट्याने चढायची गोष्ट कधी नव्हती.

याला कारण आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो आणि ऊन चढायच्या आत तो वेचावा लागतो. मोहफुले अस्वलालाही आवडतात. अस्वलाची नजर अधू. माणूस अचानक समोर आला की ते पळण्याऐवजी पुष्कळदा अंगावर येते. म्हणून फुले वेचायला जाणाऱ्या बाया शक्यतो मिळून जातात, मोठ्याने बोलतात, एकमेकींना हाका मारत राहतात. मोह संपला की तेंदूपत्ता. तोडलेल्या पानांचे ७० पानांचे पुडके बांधायचे आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. हे काम मेच्या उन्हात चालते. महोदय ज्या शांततेच्या शोधात येतात, ती शांतता या बाया जिवाच्या भीतीने मोडत चालतात.

येथे उपरोध अपुरा पडतो. मोह वेचणारी बाई जनावराच्या हल्ल्यात मेली, तर बातमीत छापून येते की ती ‘जंगलात गेली असता’ हा प्रकार घडला. जणू जाण्याची चूक तिचीच. मग उपदेश होतो की एकटे जाऊ नका, पहाटे जाऊ नका. घरी चूल कशावर पेटणार, हे कोणी विचारत नाही. महोदय त्याच रानात, त्याच पहाटे, हौसेने एकटे गेले की ते साहस ठरते! तिच्या पोटाला निष्काळजीपणा म्हणायचे आणि त्यांच्या हौसेला पराक्रम. हा निर्लज्जपणा आहे.

राहता राहिले ते दृश्य. माथ्यावरून पाहिले की रान संपते तेथून धानशेती सुरू होते आणि तिच्यात पाण्याचे तुकडे चमकतात. महोदयांनी त्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हटले आहे. ते पाणी निसर्गाने साठवलेले नाही. गोंड राजवटीत कोहळी समाजाने पाळी घालून हे तलाव बांधले. मालगुजारी गेल्यावर त्यांना माजी मालगुजारी तलाव आणि पुढे लाडाने मामा तलाव म्हणू लागले. बांध्यांची प्रत्येक धुरी, म्हणजे बांध, कोणाच्या तरी हाताची आहे. याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीचे खनिज बॅटरीच्या सेलसाठी जाते, म्हणजे महोदयांच्या टॉर्चमध्येही एखादा डोंगर खणून घातलेला असणे शक्य आहे. एकही माणूस नसलेले ते दृश्य माणसांनीच केलेले आहे.

तरीही एक गोष्ट महोदयांच्या पदरात टाकायलाच हवी. ते आले. भंडाऱ्याचे नाव घेऊन निघणारे बहुतेक पर्यटक थेट नागझिऱ्याला जातात आणि नागझिरा १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. आंबागडासाठी तुमसरला उतरणारे किती? आठवडाभर बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात, बोलावे लागते म्हणून बोलणाऱ्या माणसाला एक दिवस कोणाशीच बोलू नये असे वाटले, तर त्यात गैर काही नाही. गुराख्यालाही कधी कधी तसेच वाटत असेल. त्याला रजा मिळत नाही, एवढाच फरक.

तेव्हा महोदयांनी जरूर यावे. कोका अभयारण्य आहे, तेथे मनाला येईल तसे पायी हिंडता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. मोहाच्या दिवसांत पहाटेचा मोह टाळावा. कोठेही चढण्याआधी पायथ्याच्या गावात कोणाला तरी सांगून जावे आणि उतरल्यावर उतरलो म्हणून कळवावे. अंधार पडूनही महोदय खाली आले नाहीत, तर काठ्या आणि टॉर्च घेऊन शोधायला निघायचे असते ते याच गावकऱ्यांना.