लाखाची गोष्ट, भाग एक

डोंबिवलीत रसिक म्हणून नाव काढणं सोपं नाही. गाण्यातले जाणकार आमच्या जिन्यात भेटतात, नाटकातले पाण्याच्या टाकीवरून भांडतानाही लागूंचा पॉज घेतात, आणि फडके रोडवर दिवाळी पहाटेला नुसता धक्का लागला तरी समोरचा माणूस कवी निघतो. सगळ्या गाद्या भरलेल्या. बऱ्याच विचारान्ती मला एक रिकामी सापडली : लोकांना विसर पडलेले जुने मराठी चित्रपट. त्यासाठी ते पाहिलेले असावे लागतात असं नाही. त्यांच्याविषयी हळहळता आलं की पुरतं.

ही हळहळ मी फुकटात करत होतो, तोवर ठीक होतं. २००९ साली अमेरिकेतल्या मेहुण्याने फोनवर सांगितलं, की तिकडे वॉर्नर कंपनीने मार्चपासून नवीनच प्रकार काढलाय. दुकानात खपणार नाहीत असे जुने दीडशे चित्रपट त्यांनी यादीत टाकलेत. तुम्ही मागणी नोंदवायची, मग तुमच्यापुरती एक डीव्हीडी राइट करून घरी पाठवतात. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, म्हणजे तेव्हाचे हजारभर रुपये. इकडे मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणून घराघरात सिनेमांचे ढीग लावले होते. पण २८ रुपयांत जे शेजाऱ्याकडेही असतं, त्याचा रसिकाला काय उपयोग? मला सांगून बनवून घेतलेला सिनेमा हवा होता.

सिनेमाही ठरवला : १९५२ सालचा ‘लाखाची गोष्ट’. दिग्दर्शन राजा परांजपे, लेखन गदिमा, संगीत सुधीर फडके. नायक राजा गोसावी, जे त्याआधी थिएटरच्या खिडकीत बसून तिकिटं विकत. ठरलेल्या मुदतीत लाख रुपये उडवून दाखवायचे, अशी त्यातली अट. एवढी माहिती वाचून तयार होती. चित्रपट बघणं तेवढं राहिलं होतं.

ठाणे स्टेशनच्या बाहेर एका बोळात सीडीचं दुकान होतं. मालकांना नाव सांगितलं.

“लाखाची? आपल्याकडे सगळं तिसाच्या आत आहे.”

मी त्यांना राजा परांजपे समजावू लागलो. त्यांनी अशोक सराफ पुढे केले, मग लक्ष्मीकांत बेर्डे. शेवटी मी कुठे राहतो ते विचारून ‘डोंबिवली फास्ट’ काढली. ती मी रोज उभ्याने बघतो म्हटल्यावर ते जरा वरमले. “काका, ऑर्डर द्या, बनवून देतो. पुण्याच्या एका पार्टीकडे जुन्या कॅसेटी आहेत. वेळ लागेल, पण प्रिंट एक नंबर.” दोनशे रुपये ॲडव्हान्स दिला. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क साठ वर्षं चालतो, म्हणजे या चित्रपटाचा २०१२ च्या अखेरीला संपणार होता. पायरसीविरुद्ध सोसायटीच्या गणपतीत भाषण केलेला मी, तीन वर्षांची घाई करत होतो.

माल आला तो दोन तबकड्यांत. एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो, त्यामुळे मार्करने लिहिलेले भाग एक आणि भाग दोन. कव्हर झेरॉक्सचं, त्यावर राजा गोसावींच्या जागी काळा ढग. ही ठेव छातीशी धरून संध्याकाळी ठाण्याहून कल्याण लोकलमध्ये शिरलो. ठाण्याला संध्याकाळी आपण शिरत नसतो, आत ढकलले जात असतो. मी पिशवी डोक्यावर धरली. “काका, अंडी आहेत का?” मागून कोणीतरी विचारलं. “राजा परांजपे आहेत,” मी म्हणालो. दिव्यापर्यंत माझ्याभोवती बरीच मोकळी जागा झाली.

शनिवारी खास खेळ ठेवला. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. वरच्या मजल्यावरचे काका, तळमजल्यावरच्या काकू, कल्याणहून साडू, बायकोच्या भिशीतल्या चौघी. मी उभा राहून प्रास्ताविक केलं. ते सुधीर फडक्यांपर्यंत आलं तेव्हा बायको म्हणाली, “अहो, भजी गार होतायत.”

व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. माझ्या नव्या मोठ्या टीव्हीवर ते पसरलं आणि गदिमांचं नाव चौकटी-चौकटींत उमटलं. कॅसेट कुठल्याशा वाहिनीवरून भरून घेतलेली होती. दहाएक मिनिटांनी पडद्याच्या तळाशी बातम्यांची पट्टी सरकू लागली : मध्य रेल्वेची वाहतूक पूर्णपणे ठप्प.

पुढचा प्रसंग माझ्या प्रास्ताविकात नव्हता. काकूंची सून सीएसटीहून निघालेली; काकू उठल्याच. भिशीतल्या चौघी एकदम चार फोनांवर बोलू लागल्या. साडू चपला शोधायला धावले. माझा आवाज पट्टी जुनी आहे म्हणत होता. पण माझा आवाज त्या घरात तसाही फारसा चालत नाही. तेवढ्यात पट्टी म्हणाली, कल्याण-डोंबिवलीत वीज नाही. वरचे काका डोक्यावरच्या फिरत्या पंख्याकडे बघत राहिले.

“अहो, आपल्याकडे लाइट नाही म्हणतायत, आणि आपण टीव्ही बघतोय!”

मागोमाग आकडा आला : सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. तो आकडा इथे पोरांच्या जन्मतारखेसारखा पाठ. “सव्वीस जुलै!” सगळे एका सुरात ओरडले आणि खाली बसले. पण सिनेमासाठी नव्हे. काका २००५ च्या त्या रात्री रुळांतून चालत आले होते; कुठून ते ऐकायला सगळे पुढे सरकले. साडूंनी कल्याणात वालधुनीचं पाणी कुठपर्यंत चढलं ते उभं राहून स्वतःच्या छातीवर दाखवलं. मागे राजा गोसावी लाख रुपये खर्च करायला धडपडत होते, आणि त्यांना “जरा आवाज कमी करा हो” म्हणून गप्प करण्यात आलं. भजी संपली, चहा झाला, भाग एक कधी संपला ते कळलं नाही. जाताना प्रत्येक जण म्हणाला, फार दिवसांनी असा कार्यक्रम झाला.

माझं नाव झालं, हे मान्य करायला हवं. पुढच्या आठवड्यात साडूंचा फोन आला. “ती पावसाची सीडी द्याल का? ऑफिसात दाखवायची आहे.”

ती ‘लाखाची गोष्ट’ आहे असं मी जरा कडक आवाजात सांगितलं, आणि भाग दोनही न्या म्हणून आग्रह केला.

“दोनमध्ये पट्टी आहे का?”

काय सांगणार? त्याचं प्लास्टिक अजून मीच काढलं नव्हतं.