सत्याची काटकसर

'इकॉनॉमिकल विथ द ट्रूथ'चा अर्थ शब्दकोशात नव्हे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कळतो. १९८६ साली ब्रिटनचे कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग 'स्पायकॅचर' पुस्तक रोखायला सिडनीच्या कोर्टात आले. हेरखात्यावरच्या आधीच्या एका पुस्तकाची प्रत सरकारच्या हाती असताना त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहून तीच मागितली होती. हे खोटं की नुसती दिशाभूल, असं वकील माल्कम टर्नबुल यांनी खोदून विचारलं, तेव्हा साहेबांनी हा वाक्प्रयोग पुढे केला. कोणी म्हणेल, एडमंड बर्क यांनी अठराव्या शतकातच सत्याची काटकसर सद्गुणांत बसवली होती. बसवली खरी, पण बर्कसाहेबांची उलटतपासणी चालू नव्हती! शिवाय १९९२ साली माजी मंत्री ॲलन क्लार्क यांनी कोर्टातच 'ट्रूथ' काढून फ्रेंच 'आक्त्युआलिते' घातलं, आणि अर्थ सगळ्यांना लगेच कळला.