नऊ घाला, शंभर काढा

जुन्या हार्डडिस्कचं बेअरिंग, त्यावर सीडी, सीडीच्या कडेला चिकटवलेले चार निओडिमियम चुंबक आणि शेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक समोर आला की रीड स्विच टिक करतो, वेटोळ्यातून क्षणभर वीज जाते, चाकाला टपली बसते. झाली पल्स मोटर. हिच्यावर ना पंखा फिरतो, ना पाणी चढतं. तरी परदेशी गॅरेजांतले हौशी कारागीर तिच्या मैत्रीपूर्ण स्पर्धा लावतात.

इथवर सगळं गोड. पण त्यांच्यात एक महाभाग असतोच. स्विच सुटताना वेटोळ्यातून उसळणारा व्होल्टेजचा झटका तो मीटरवर पाहतो आणि जाहीर करतो, ‘नऊ व्होल्ट घातले, शंभर निघाले!’ (करंट किती आणि किती वेळ, असं विचारलं की त्याला ऐकू येईनासं होतं.) पॅरिसच्या विज्ञान अकादमीने शाश्वत गतीच्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणं १७७५ सालीच बंद केलं, पण ही बातमी अजून गॅरेजपर्यंत पोचायची आहे.

तेवढ्यात चाक मंदावतं. महाभाग इकडेतिकडे बघतो आणि हळूच बोटाने ढकलतो.