शब्द माझे, बाकी पेंटर

चित्रपुस्तक लिहायचं मी ठरवलं ते मुलांवरच्या प्रेमापोटी वगैरे नाही, माधुरी पुरंदरेंच्या मत्सरापोटी. या बाई गोष्ट लिहितात, चित्रंही स्वतःच काढतात. जे. जे.त शिकून पॅरिसला जाऊन आल्या, पिकासोचं चरित्र लिहिलं, ‘वेटिंग फॉर गोदो’ मराठीत आणलं, वर गाणंही. 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही त्यांनाच. माणसानं एखादी तरी गोष्ट बाकीच्यांसाठी शिल्लक ठेवावी की नाही? पुतण्याला ‘बाबांच्या मिशा’ वाचून दाखवताना माझ्या लक्षात आलं की यात मजकूर तर मोजकाच आहे. एवढं तर आपण जिंतूर रोडला परभणीच्या बसची वाट बघता बघता लिहू.

विषय तयारच होता. आमच्या झरी गावातले दोन मित्र, एक सायकल, थोडी जळजळ आणि शेवटी गळाभेट. नायक अर्थातच मी. जळणारा मित्र म्हणजे पेंटर. त्याला सगळं गाव पेंटर म्हणतं, त्याची आईसुद्धा. ट्रॉलीच्या फळीवरचे मोर, किराणा दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरची बाराखडी, सगळा त्याचाच हात. चित्रं त्याच्याकडूनच काढून घ्यायची, म्हणजे जळायचं कामही त्यानंच स्वतःच्या हातानं रंगवायचं, अशी माझी योजना.

आता सायकलीचं सांगायलाच हवं. हल्लीच्या पोरांना मापाची सायकल मिळते, मागं दोन टिकल्याएवढी चाकंही असतात. आमच्या वेळी सायकल एकाच मापाची, मोठ्या माणसाची. तीही तासाच्या भाड्यानं. शिक्षणाच्या इयत्ता तीन: कैची, दांडी, सीट. कैची म्हणजे दांडीखालच्या तिकोनातून उजवा पाय पलीकडं घालायचा, डाव्या हातानं हँडल धरायचं, उजवी काख सीटवर अडकवायची आणि सगळं अंग एका बाजूला कलतं ठेवून अर्धं पायडल मारत जायचं. पुरं पायडल फिरत नाही, त्यामुळं कट्‌कट् कट्‌कट् असा आवाज. पोटरीला चेनचं काळं ग्रीस. पावसाळ्यात तर आमची काळी माती मडगार्डात अशी गच्च बसायची की चाक फिरायचंच बंद. मग बांधावरची पऱ्हाटी मोडायची आणि उकिडवं बसून गारा उकरत राहायचं. भाड्याचा तास त्यातच संपायचा. दुकानदार गाऱ्याचा वेळ वजा करत नसे, हे मला आजही मंजूर नाही. पेंटर सीटवर बसून हात सोडून शीळ वाजवत निघून जायचा, तेव्हा मी कैचीतच होतो. पुस्तकात मात्र हे उलटं लिहिलं. लेखकाला एवढं स्वातंत्र्य असतंच.

मी वहीभर मजकूर नेऊन दिला. पेंटर ओठ हलवत वाचू लागला आणि मध्येच थांबला.

“‘ऊन रणरणत होतं.’ हे चित्रात दिसायलंय की. परत कामून लिहायलास?”

चित्रपुस्तकाची पानं छपाईच्या फर्म्याच्या हिशेबानं सोळा, चोवीस किंवा बत्तीस असतात आणि चित्र जे सांगतं ते शब्दांनी सांगायचं नसतं, हे मी मोठ्या कष्टानं वाचून मिळवलेलं ज्ञान. यानं ते ब्रश धुता धुता सांगितलं. माझी पानंच्या पानं गेली.

खरं भांडण झालं डोंगरावरून. मी म्हणालो, पहिल्या पानावर गाव दाखव. मागं डोंगर, मधून उगवता सूर्य, कौलारू घर.

“आपल्या झरीत डोंगर कुठंय लेका? डोंगर बघायचा तर जिंतूरच्या पुढं नेमगिरीला जावं लागतं.”

मी गप्प बसलो. कारण पुतण्याला गाव काढ म्हटलं की तोही तीन तिकोनी डोंगर काढतो. वहीत उतरतं छप्पर. घर आमचं माळवदाचं, चुलत्याचं स्लॅबचं, उतरतं छप्पर त्यानं पुस्तकातच पाहिलेलं. सपाट काळं रान, कापूस, बांधावरची बाभूळ, धुळीतली सायकल हे त्याच्या एकाही पुस्तकात नाही. पोरगं सात वर्षांचं आहे आणि आपलं गाव चित्रात काढण्याच्या लायकीचं नाही, हे त्याला कुणीही न शिकवता आलंय. याचा मला राग येतो, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते सापडत नाही.

पेंटरनं माळवद काढलं. वर वाळत घातलेल्या मिरच्याही काढल्या.

पुढं सायकलचं पान आलं. माझी ओळ होती, ‘आणि तो एकटाच सीटवर बसला!’ चित्रात मी सीटवर आहे खरा, पण मागं कॅरिअर धरून एक पोरगं धापा टाकत पळतंय. आधीच्या पानावर तेच पोरगं हात सोडून चाललंय आणि कडेला मी उभा, तोंड कारल्यासारखं.

“हे तुला कसं कळलं?”

“तुझं तोंड मला दिसत नव्हतं व्हय?”

गळाभेटीचं पान त्यानं काढलंच नाही. “आपण कवा गळ्यात पडलो होतो रे?”

एका प्रकाशकांना पुस्तक दाखवलं. चित्रं फार आवडली, मजकूर आणखी कमी करता येईल का, आणि चित्रकारांशी बोलायचं आहे, असं त्यांचं उत्तर आलं. मी तातडीनं कळवलं की चित्रकार कायम कामात असतात, जो काही पत्रव्यवहार तो माझ्याशीच करावा. पण ट्रॉलीवर घालतो तसा पेंटरनं आपला मोबाइल नंबर प्रत्येक चित्राखाली घातलेला आहे.