पुट्टीचा भरवसा

भिलाईत रूळ सरळ निघतात. भिंतींबद्दल मी इतक्या छातीठोकपणे बोलणार नाही.

इथल्या पोलाद कारखान्यात १३० मीटरचा अखंड रूळ लाटतात. असे दोन जोडून २६० मीटरचा एक करतात आणि लांबलचक मालगाडीवर घालून देशभर पाठवतात. त्यात जराही बाक सापडला की तो बाजूला निघतो. आयएनएस विक्रांत बांधायला लागलेलं काही पोलादसुद्धा या गावातून गेलं. आणि याच कारखान्याच्या चिमण्या गच्चीवरून दिसाव्यात इतक्या अंतरावरच्या आमच्या घरात, हॉलच्या भिंतीला लावलेलं कपाट एका टोकाला भिंतीला घासतं आणि दुसऱ्या टोकाला मागून आरामात झाडू फिरतो. ज्याने ही भिंत बांधली तो म्हणे म्हणाला होता, प्लास्टरमध्ये निघून जाईल. प्लास्टर करणाऱ्याने ती पुट्टीवर सोडली. पुट्टीवाल्याने रंगावर सोडली. रंगारी कपाटाकडे बोट दाखवून गेला.

यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे बसायच्या होत्या. नागपूरचे सगळे येणार, पुण्याची नणंद येणार. स्वयंपाकघराच्या भिंतीला लोणा लागलेला, गच्चीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपून छताला खंडप्राय नकाशे उमटलेले, न्हाणीघराच्या फरशा भदभद वाजणाऱ्या. नवऱ्याने सुचवलं की नुसता एक हात रंग मारून घेऊ. तेवढ्यात बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तिथेच मी समजले की हे प्रकरण लांबणार.

बाबा म्हणजे माझे सासरे. नागपूरला आयटीआय करून सत्तरच्या दशकात ते इथे आले आणि रेल मिलच्या तपासणीत निवृत्तीपर्यंत राहिले. त्यांच्या पिढीचे नागपूरकर भिलाईत पाहुण्यासारखे कधी वागलेच नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती, हे त्यांच्या अंगात पुरतं भिनलं होतं. १९५५मध्ये रशियाशी करार झाला, १९५९च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, हे बाबा घरचं कार्य सांगावं तसं सांगतात. तेव्हा ते शाळेतही जात नसावेत, पण सांगताना आमंत्रणपत्रिका त्यांनीच वाटल्यासारखं वाटतं.

त्यांचा एक सिद्धांत आहे. ओतीव पोलादात बारीकशी खोट राहिली आणि ते तसंच लाटलं, तर खोट जात नाही, लांब होते. गिरणीत घालताना टाचणीएवढी असेल तर बाहेर येताना हातभर चीर झालेली असते. "दोष पुढच्यावर ढकलला की वाढतो," असं म्हणून ते माझ्याकडे बघतात. वरणात मीठ जास्त झालं तरी हेच वाक्य येतं.

मिस्त्री चावडीवरून, म्हणजे सकाळी मजूर उभे राहतात त्या नाक्यावरून आणला. सोबत एक हेल्पर आणि एक रेजा, म्हणजे मजूर बाई. अक्ती होऊन गेली होती, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. लग्नसराईने गाव मोकळं झालं होतं आणि ऊन पंचेचाळीस अंशांना टेकत होतं. मिस्त्रीने घर फिरून पाहिलं. प्रत्येक खोलीत थांबून एकच प्रश्न विचारला, "ये किसने किया?" स्वर असा, की घरात खून झालाय आणि प्रेत त्याला सापडलंय. मग मान हलवून तो म्हणाला, "टेंशन झन ले बाबूजी. पुट्टी मा तोपा जाही."

तोपा जाही, म्हणजे झाकलं जाईल. बाबांच्या कपाळावरची शीर मला लांबूनही दिसली.

पहिली चकमक वाळूवर झाली. ट्रॉलीभर वाळू फाटकाशी ओतली गेली आणि टोपली भरता भरता रेजा सहज बोलून गेली, "रेती मा माटी हे." मिस्त्रीने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. पण बाबांचे कान रेल मिलमध्ये इतकी वर्षं काढूनही शाबूत होते. त्यांनी माझी लोणच्याची बरणी रिकामी करायला लावली, त्यात वाळू, मिठाचं पाणी घातलं, हलवलं आणि ओट्यावर ठेवून दिली. दुपारपर्यंत खाली वाळू बसली आणि तिच्यावर तपकिरी गाळाचा असा दळदार थर जमला की मिस्त्रीसुद्धा क्षणभर कौतुकाने पाहत राहिला. मग म्हणाला, "थोडी मिट्टी से पकड़ अच्छी आती है." बरणीची पकड मात्र अच्छी आली होती. लोणच्याचा वास आणि गाळ दोन्ही अजून निघालेले नाहीत.

वाळू बदलली. दुसरी चकमक पाण्यावर. प्लास्टर केल्यावर भिंतीवर पाणी मारतात, म्हणजे सिमेंटला जोर धरायला ओल मिळते. इकडे याला तराई म्हणतात. आमचं सिमेंट झोतभट्टीची मळी घालून केलेलं. ही मळी कारखान्यातून निघते आणि सिमेंटवाल्यांकडे जाते, त्यामुळे बाबांच्या आयुष्यभराच्या नोकरीचा बराचसा गाळ आता त्यांच्याच भिंतीत चालला होता, याचं त्यांना समाधान होतं. पण असं सिमेंट सावकाश जोर धरतं. साध्या सिमेंटला ७ दिवस पाणी, याला किमान १०. मिस्त्रीच्या मते तीन बस झाले, आणि त्यातलाही एक रविवार.

"दस दिन," बाबा म्हणाले.

"बाबूजी, भिंत आहे, धान नाही," मिस्त्री म्हणाला. अर्थात त्याच्या भाषेत.

शेवटी नळी बाबांनीच हातात घेतली. पहाटे, दुपारी, संध्याकाळी. मे महिन्यात भिलाईच्या भिंतीवर पाणी मारलं की ते खाली येण्याआधी वर जातं. बाबा पंचा गुंडाळून वाफेत उभे असत. शेजारच्यांना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल.

न्हाणीघराची कथा वेगळी लिहायला हवी, पण थोडक्यात सांगते. जुन्या फरशा उखडून नव्या बसवल्या, सांधे पांढरेशुभ्र, दिसायला हॉटेल. बाबांनी खिशातून बेअरिंगची एक पोलादी गोळी काढली. ही गोळी त्यांच्या खिशात चष्म्याच्या घराबरोबर कायम असते. मोरीच्या जाळीपासून हातभर अंतरावर त्यांनी ती ठेवली. गोळीने क्षणभर विचार केला. मग जाळीकडे पाठ फिरवून ती उंबऱ्याकडे निघाली, बोळ ओलांडला आणि देवघरापाशी जाऊन थांबली. पुढे-मागे पाणीही याच मार्गाने जाणार हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

मिस्त्री उकिडवा बसला, जाळीकडे पाहिलं, गोळीकडे पाहिलं. "नया टाइल है बाबूजी. पानी को अभी रस्ता नहीं मालूम."

मी स्वयंपाकघरात पळाले. रेजा पदर तोंडात धरून बाहेर गेली. बाबा एकटेच गंभीर होते. त्यांनी पाणसळ लावून बुडबुडा दाखवला, फरशांवर खडूने बाण काढले आणि "रिजेक्ट" असं लिहिलं. फरशा पुन्हा उखडल्या. दुसऱ्या खेपेला ढाळ इतका सढळ दिला की आता बादली ठेवली तर तीही जाळीकडे सरकते. पण पाणी जातं. आम्ही तिथेच तह केला.

मग पुट्टी आणि रंग. आता भिंत सपाट आहे की नाही याची परीक्षा बाबा रुळासारखीच घेतात. भिंतीला गाल लावायचा, एक डोळा मिटायचा आणि लांबवर बघायचं. जिथे उंचवटा, खळगा, गुरमाल्याची रेघ, तिथे खडूने गोल. पहिल्या दिवशी हॉलच्या भिंतीवर इतके गोल झाले की बाबांच्या नातीने त्यांना डोळे काढायला घेतले. रंगारी अनुभवी होता. त्याने पोऱ्याला ओलं फडकं दिलं, पोऱ्याने सगळे गोल पुसले आणि संध्याकाळी निरोप आला, "सब ठीक कर दिया."

दोष कायम, फक्त नोंद पुसलेली. बाबांनी नोकरीत बरंच काही पाहिलं असेल, पण तपासणीच्या खुणेला हात? त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. सकाळी त्यांनी नातीच्या खोक्यातला लाल मेणाचा खडू घेतला आणि सगळे गोल नव्याने, दाबून काढले.

मेणावर रंग धरत नाही आणि त्याचा लाल रंग वर फुटतो, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. रंगाऱ्याने या वेळी, खोटं कशाला बोलू, दोष खरंच काढले. खळगे भरले, उंचवटे घासले आणि खुणांवरून पुट्टीचा पातळ हात फिरवला. प्रायमर लागला. दुसऱ्या दिवशी गुलाबी कडी वर आली. इमल्शनचा एक हात, दुसरा हात. कडी फिकट होई आणि दुपारनंतर पुन्हा उमटे. भिंत आता सपाट होती, पण ती पूर्वी कुठेकुठे सपाट नव्हती याचा पुराव्यासकट तपशील तिच्यावर कोरला गेला होता. रंगारी म्हणाला, सीलन आहे. मिस्त्री म्हणाला, रंग हलका आहे. मग दुकानदाराने सांगितलं की तेलाचा प्रायमर मारून आधी हे बंद करा. मारला. खालच्या भागातले गोल बुजले. वरच्यांसाठी शिडी हवी होती आणि शिडी त्या वेळी दुसऱ्या घरी कामाला गेली होती.

तोवर पाऊस लागला. ओल्या भिंतीवर रंग मारू नये, आतली ओल बाहेर यायला बघते आणि रंगाला फुगे येतात, हे प्रत्येक डब्यावर छापलेलं असतं. डबा वाचायचा रिवाज नाही. जिन्याच्या भिंतीला फुगे आले, नातीने बोटाने फोडले, पुन्हा खरवडणं आलं. आणि मग पोळा आला.

पोळ्यानंतर लगोलग तीजा. आपल्याकडची हरतालिका, पण इथे तिचा थाट न्यारा. लेकी माहेरी जातात, भाऊ स्वतः न्यायला येतो, आणि अख्ख्या छत्तीसगडात कुठलंही घर, शेत, बांधकाम माहेरी निघालेल्या बाईला अडवू शकत नाही. रेजाचा भाऊ मोटरसायकल घेऊन फाटकाशी उभा राहिला. ती हात धुऊन, नवी साडी नेसून मागे बसली आणि गेली. दुसऱ्या दिवशी कळलं की घराचं काम मिस्त्री करत नव्हताच. कुठली पुट्टी किती भिजवलीय, पॉलिश पेपर कुठे ठेवलाय, जिन्याचा रंग कोणत्या डब्यात कालवला होता, सगळं तिच्या डोक्यात होतं. मिस्त्री थोडा वेळ मालाभोवती फिरला, दोन डबे उघडून पाहिले आणि म्हणाला, मीही सासरी जाऊन येतो. हरतालिकेनंतर चतुर्थी आणि गणपती बसले की महालक्ष्म्या दारात. पंचांग रचणाऱ्याने भिलाईच्या बांधकामाचा विचार केलेला नाही.

नागपूरचे आले तेव्हा जिना अर्धा पिस्ता आणि अर्धा प्रायमर होता. त्यावर आम्ही आंब्याची तोरणं सोडली. महालक्ष्म्या हॉलमध्ये बसल्या, मागे ती भिंत, वरच्या बाजूला फिकट गुलाबी गोल. नागपूरच्या आत्यांनी आरती झाल्यावर चष्मा सावरून वर पाहिलं आणि नणंदेला म्हणाल्या, "पाहिलंस? आजकाल असं टेक्स्चर करतात. पुण्यात आहे का हे?" नणंद म्हणाली, आहे, पण फार महाग पडतं. बाबा सोळा भाज्यांच्या ताटावरून उठून चूळ भरायला गेले.

दिवाळीच्या थोडं आधी मिस्त्री पुन्हा दारात. मला वाटलं, जिन्याला आला. पण त्याला बाबा हवे होते. गावी त्याचं स्वतःचं पक्कं घर उभं राहत होतं. प्लास्टर झालं होतं.

"बाबूजी, चलके एक बार देख लेते. वो गोली भी धर लेना."

"तूच केलंस ना प्लास्टर?"

"मोर सारा करे हे." तो जरा घुटमळला. "भरोसा नइ हे."

बाबांनी पाणसळ, ओळंबा, सुताची दोरी पिशवीत घातली, गोळी खिशात होतीच, आणि लाल खडूही घेतला. मिस्त्रीच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले ते दिवेलागणीला परतले. चेहरा पडलेला. मी चहा दिला. मग हळूहळू कळलं. भिंत ओळंब्यात. कोपरे काटकोनात. न्हाणीत गोळी सरळ जाळीत गेली. बोटाने कुठेही ठोका, भरीव आवाज. साल्याने प्लास्टर केलं खरं, पण मिस्त्री रोज उरावर बसला होता आणि पाणी? पाणी त्याने पुरे दहा दिवस मारलं होतं, स्वतः, सकाळ-संध्याकाळ, नळी लावून. खडू खिशातून काढायची वेळच आली नाही.

"मग त्याने विचारलं," बाबा बशीत चहा ओतत म्हणाले, "पुट्टी कोणती लावू."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, काबर? तोपे बर कुछु नइ हे."