आपला तो ब्रूनो, दुसऱ्याचं ते कुत्रं

अहो, ऐकलंत का? जरा अशा इकडे या, जास्वंदीच्या आडोशाला. तिकडून बोललं की थेट त्यांच्या जिन्यात ऐकू जातं. रविवारी शेजारच्या सोसायटीत काय झालं, कळलं नाही तुम्हाला? कसं कळणार म्हणा, तुमच्या बाजूनं त्यांचं पार्किंग दिसत नाही. माझ्या बाजूनं अगदी स्वच्छ दिसतं. मी काही मुद्दाम उभी नव्हते हं! मी आपली तुळशीला पाणी घालत होते. मीटिंग संपेपर्यंत घालत होते, तुळशीचा पार चिखल झाला, ते सोडा.

तर लिफ्टबाहेर ती नोटीस लागली होती ना, ‘पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये सक्त मनाई, हुकमावरून’, तिचं निमित्त. हुकूम कुणाचा, ते तुम्हाला माहीतच आहे. सेक्रेटरींचा. स्वतः तळमजल्यावर राहतात, त्यांना लिफ्ट लागते कशाला? आणि बी विंगमधल्या सुनेचा तो ब्रूनो, चांगला वासराएवढा लॅब्रेडॉर, सहाव्या मजल्यावर. रोज जिन्यानं न्यायचा त्याला? गुडघे कुणाचे आधी जातील, कुत्र्याचे की तिचे?

सेक्रेटरी उभे राहिले, घसा खाकरला, म्हणाले, “ठराव एकमतानं पास झालेला आहे.” सून बसल्या जागेवरून, अगदी गोड आवाजात, “काका, एकमतानं झाला तरी चालत नाही.” आणि काढला मोबाइल! ते ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५चं पत्रक नाही का, तेच वाचायला लागली. सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, सगळे एका बाजूला झाले तरी नाही. लिफ्ट बंद करता येत नाही, लिफ्टचे जादा पैसे घेता येत नाहीत. खजिनदार तोवर खूश होऊन वहीत काहीतरी मांडत बसले होते, त्यांचं पेन तिथेच थांबलं. चेहरा असा पडला म्हणून सांगू…

सेक्रेटरी कसले ऐकतात! “तो बोर्ड बसलाय कुठे लांब, त्याला काय कळतंय आमच्या लिफ्टमधलं?” तर ही म्हणते, “काका, १९६२ साली बोर्ड झालं तेव्हा पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. प्राण्यांच्या छळाचा कायदा व्हावा म्हणून राज्यसभेत पहिल्यांदा विधेयक त्यांनीच मांडलं होतं.” हे ऐकल्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकू एकदम सावरून बसल्या. त्यांच्या मुलीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम झालंय ना! म्हणाल्या, “रुक्मिणीदेवी? मग बरोबरच असणार.” एक मत तिथेच फुटलं.

दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब कधी नव्हे ते बोलले. म्हणाले, पत्रक म्हणजे कायदा नव्हे, मार्गदर्शक सूचना आहेत. पण कोर्टात गेलात तर तुमचा ठराव टिकेल या भरवशावर राहू नका. मग खजिनदारांनी हळूच विचारलं, “समजा, छळ झालाच, तर दंड किती?” वकील म्हणाले, “१९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये.” अहो, खजिनदार पुन्हा खुलले! “पन्नास? चुकीच्या जागी गाडी लावली तर आपण पाचशे घेतो!” सगळे हसले. वकील मात्र हसले नाहीत. म्हणाले, मारून टाकलं, विष घातलं, तर न्याय संहितेचं ३२५ कलम आहे, पाच वर्षांपर्यंत आत. खजिनदारांनी वही मिटली.

तर काय सांगत होते… हां, काकू. तुम्हाला वाटेल, काकू फुटल्या म्हणजे सून जिंकली. छे! खरी गंमत पुढेच आहे. सुनेला चांगला जोर चढला होता, ती म्हणाली, “प्राण्यांचा खरा त्रास कुणाचा असेल तर त्या कबुतरांचा. माझ्या एसीवर बोटभर थर बसलाय. सासूबाईंचा खोकला हटत नाही.” आणि पाहिलं कुणाकडे? काकूंकडे. ज्या काकू आत्ता तिच्या बाजूनं बोलल्या, त्यांच्याकडे!

काकूंच्या गॅलरीत सकाळी ज्वारी पडते, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. काकू ताडकन म्हणाल्या, “गॅलरी माझी, ज्वारी माझी, पुण्य माझं. सासूबाईंपासून चालत आलंय.” सून म्हणाली, “आणि कबुतरं कुणाची?” मग काय, दादर निघालं. गेल्या वर्षी, २०२५च्या ऑगस्टमध्ये, तो कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, मग लोकांनी येऊन ती ताडपत्री फाडली, टीव्हीवर दिवसभर तेच नव्हतं का? हायकोर्ट म्हणालं माणसांचं आरोग्य आधी, सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घातला नाही. सून हे सगळं सांगत होती, आणि काकूंचे डोळे भरून आले हो. म्हणाल्या, “तुझ्या कुत्र्याला लिफ्ट पाहिजे, आणि माझ्या पाखराला चार दाणे नकोत?” मला वाईट वाटलं. पण आपल्या गच्चीवर काय घाण होते, तेही आठवलं. तुमच्या सांडग्यांचं काय झालं होतं मागच्या उन्हाळ्यात?

इतक्यात उठले ते तत्त्वज्ञानाचे सर. रिटायर झाल्यापासून त्यांना विद्यार्थी मिळत नाहीत, मीटिंग असली की नटून येतात. म्हणाले, “मित्रांनो, हा प्रश्न १८५९ साली सुटलेला आहे.” खजिनदार म्हणाले, “तेव्हा सोसायटी रजिस्टर झालेली नव्हती, सर.” सरांनी लक्ष दिलं नाही. जॉन स्टुअर्ट मिल काढला. आपले आगरकर ज्याचे भक्त होते, तोच. माणसानं आपल्यापुरतं काय वाटेल ते करावं, दुसऱ्याला इजा होते तिथेच समाजानं हात घालावा, असं त्याचं म्हणणं. अहो, काय सांगू, सगळ्यांना पटलं! एकूण एक माना डोलल्या. मी कुंपणातून बघत होते ना, मान डोलावताना प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. सून काकूंकडे, काकू सुनेकडे, सेक्रेटरी दोघींकडे. आपल्या घरून इजा होते असं त्या मिलपुढे तरी कुणी कबूल केलं असतं का, सांगा बरं!

सर पुढे म्हणाले, बेंथॅम म्हणून एक होता, तो म्हणे विचारायचा की प्राण्याला बुद्धी आहे का, बोलता येतं का, हे सोडा. त्याला दुखतं का, ते बघा. मग युधिष्ठिर आला. कुत्र्याला आत घेत नसाल तर मला स्वर्ग नको म्हणाला होता ना! नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. सुनेचा चेहरा काय फुलला होता! तेवढ्यात ब्रूनो उठला आणि सरांच्या धोतराचा वास घ्यायला लागला. सर खुर्चीवर चढले. खरंच! “धरा, धरा त्याला!” करून ओरडत होते. त्यांना लहानपणापासून कुत्र्याची भीती आहे, ते तिथे सगळ्यांना कळलं. नामदेव राहिले बाजूला.

तर काय सांगत होते… काळूचं राहिलंच की! तो गेटवरचा भटका, वॉचमन डब्यातली अर्धी पोळी ज्याला घालतो. गेल्या वर्षी ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली भटकी कुत्री उचला म्हटलं, त्याच दिवशी त्या सेक्रेटरींनी काळूला नोटीस काढायची बाकी ठेवली होती. पण अकरा दिवसांत तीन न्यायमूर्तींनी निकाल फिरवला की. नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथेच सोडा. पिसाळलेलं किंवा अंगावर येणारं तेवढं नको. खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. मग नोव्हेंबरमध्ये आणखी एक निकाल आला, शाळा, दवाखाने, एसटी स्टँड अशा ठिकाणची उचलली तर परत सोडायची नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, हाकला. वॉचमन कधी बोलत नाही, तो पुढे आला. म्हणाला, “साहेब, मोटारीची बॅटरी चोरायला आले तेव्हा भुंकलं कोण?” कुणी काही बोललं नाही. कारण भुंकला काळू, आणि झोपला होता कोण, तेही सगळ्यांना माहीत होतं…

मग ठरलं, की काळूसाठी एक जागा नेमून द्यायची. गेटपाशी नको, मुलं खेळतात. पार्किंगमध्ये नको, गाड्या असतात. मागच्या बाजूला नको, तिकडे शाळा. आणि मग तो खजिनदार काय म्हणाला असेल? “त्या बंगल्याच्या कुंपणापाशी घालू.” माझ्या कुंपणापाशी! अहो, मी तिथेच उभी, हातात झारी! भूतदया करायची तुम्ही आणि रात्रभर भुंकणं ऐकायचं मी? मी काही बोलले नाही, नुसती झारी जोरात आपटली.

पण कळस पुढेच झाला. सेक्रेटरींनी टेबलावर हात आपटला, “हे बघा, भावना वेगळ्या आणि कायदा वेगळा. या सोसायटीत कायदा म्हणजे कायदा!” आणि बरोब्बर त्यांच्या मागच्या खिडकीतून, पडद्याआडून, खणखणीत आवाज आला, “विठू, पेरू दे!”

काय शांतता पसरली! सेक्रेटरींच्या मिसेस आत धावल्या. पिंजऱ्यावर जुना टॉवेल टाकून ठेवला होता बिचाऱ्यांनी, तो वाऱ्यानं सरकला असणार. आता तो पोपट आहे हे आपल्याला माहीत होतंच की. मीच तर त्यांना मिरच्या देते. पण सुनेला माहीत नव्हतं. ती हळूच म्हणाली, “काका, हिरवा आहे? लाल चोचीचा?” सेक्रेटरी गप्प. “गळ्याला गुलाबी पट्टा?” सेक्रेटरी आणखी गप्प. वकीलसाहेब छताकडे बघायला लागले. कारण १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आपला देशी पोपट घरात ठेवताच येत नाही ना! लव्हबर्ड चालतात, ते परदेशी. विठू नाही चालत. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि २०२२ला कायदा बदलल्यापासून दंड लाखापर्यंत. कुत्र्याला छळलं तर पन्नास रुपये आणि पोपटाला पेरू भरवला तर लाख! खजिनदारांनी मिटलेली वही पुन्हा उघडली.

मिसेस दारात आल्या, रडवेल्या. “पिंजऱ्याचं दार उघडंच असतं हो. खिडकीपर्यंत जातो आणि परत येतो. पंखात बळ कुठे राहिलंय त्याच्या?” आता यावर कायदा काय बोलणार? सर तोवर खुर्चीवरून उतरले होते, ते म्हणाले, “हाच खरा प्रश्न. जे उडायचं विसरलं, त्याला मोकळं करणं म्हणजे स्वातंत्र्य की शिक्षा?” पहिल्यांदाच त्यांचं बोलणं सगळ्यांनी नीट ऐकलं.

काकूंनी डोळे पुसले आणि नांदणीच्या माधुरीचं काढलं. त्यांच्या वन्सं जयसिंगपूरच्या ना! हत्तीण मठातून वनतारा नावाच्या प्राणिकेंद्रात नेली तेव्हा वन्सं चार दिवस नीट जेवल्या नव्हत्या म्हणे. गाव रस्त्यावर उतरलं, लोकांनी वनतारावाल्यांच्या कंपनीची मोबाइलची कार्डं बदलली. सून म्हणाली, “पण पायात साखळी होती, पाय दुखत होते, कोर्टानं ते बघितलं.” काकू म्हणाल्या, “आणि माया होती ती?” दोघींचंही खरंच वाटत होतं हो मला. आणि हत्तिणीला विचारलं का कुणी, असं सर म्हणाले, तेव्हा दोघी एकदम त्यांच्यावर घसरल्या. निदान तेवढ्यापुरती एकी झाली.

मीटिंग अशीच विस्कटली. चहा आला, कुणी इतिवृत्त लिहिलं नाही. आणि सोमवारी सकाळी, मी दूध घ्यायला गेले तर काय! लिफ्टवरची नोटीस गायब. नुसते चिकटपट्टीचे चार कोपरे. परवा संध्याकाळी बघते तर बी विंगमधली सून पिशवीतून दोन पेरू काढून सेक्रेटरींच्या मिसेसना देतेय. कापलेले नाहीत, अख्खे. काही बोलल्या नाहीत दोघी, नुसत्या हसल्या. ब्रूनो लिफ्टनं वर गेला, विठूवर पुन्हा टॉवेल पडला. काकूंची ज्वारी म्हणे आता पहाटे पडते, सुनेचा एसी पुसायला काकूंचीच बाई जाते. २०१५चं पत्रक, १९७२चा कायदा, राज्यघटनेतलं ते प्राणिमात्रांवर दया करण्याचं कर्तव्य, सगळं मोबाइलमध्ये जागच्या जागी आहे. काढायचं कुणी? ज्याच्या घरात काही पिसं नाहीत, केस नाहीत, दाणे नाहीत, असा एक तरी सापडायला हवा ना त्या बिल्डिंगमध्ये!

राहिला फक्त काळू. त्याच्या बाजूनं एकटा वॉचमन, म्हणून सगळं येऊन पडलं माझ्या कुंपणावर. मी अर्ज लिहिलाय महापालिकेला, की खाऊ घालायची जागा इथे नको. तुम्ही सही कराच. तुमचंही कुंपण माझ्याला लागूनच आहे, आज माझ्याकडे, उद्या तुमच्याकडे.

काय म्हणालात? माझी मनी? तुमच्या ओट्यावरची साय? अहो, पण मनी पाळलेली कुठे आहे! ती नुसती येते. दूध ठेवते मी, पण ते काही तिच्यासाठी म्हणून नाही, खाली ठेवलेलं असतं इतकंच. तिला कुठला कायदा लावणार? ती मांजर आहे. हं, हे घ्या पेन, इथे, माझ्या नावाखाली.